सिंधूची जिरवण्यासाठी निशीची नोकरी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
ही माह्या नातीची, निशीची, जुनी वही. अर्धी कोरी होती. चौथीच शिकले, पण अक्षर वळणदार आहे माह्यं. आजपासून लिहायचं. विषय एकच. शेजारच्या सिंधूची जिरवायची.

काल तिच्या घरच्या हळदीकुंकवात भर बायांत मले म्हणे, "काय वं रुखमा, तुह्यी निशी इंटरव्यूत दोनदा पडली म्हणते? आमचा नातू गजेंद्र पह्यल्याच खेपेले लागला. डोकं लागते बाई त्याले." वर वाण देलं प्लास्टिकची गाळणी. माह्या बाजूले बसलेल्या रेणुकाले स्टीलचा डबा! मी हसले. हसता हसता ठरवलं.

निशीची पुण्यातली कंपनी बंद पडली, म्हणून ती इकडं गावी, बीबीले आली. तिसरा इंटरव्यू २० तारखेले, घरूनच, कॉम्प्युटरवर. तयारी मी करून घेणार.

५ फेब्रुवारी.
निशीनं समजावलं. नोकरी म्हणजे नवी वस्तू कशी असावी ते ठरवायचं. साहेब एक वस्तू सांगते, ती कशी बनवशील ते बोलायचं. पण लगेच बनवायची नाही म्हणे. आधी विचारायचं, कोणासाठी? त्याले अडचण काय? मंग उपाय. एवढंच? मी म्हटलं, मी साहेब बनते. खुर्चीवर बसले, चष्मा लावला. "चूल बनव." तर म्हणे, "कोणासाठी, आजी?" साहेबाले उलट विचारते? नापास! तासाभरात चारदा नापास केली. पोरीले आता वळण लागंल. मलेबी मजा आली.

८ फेब्रुवारी.
सरावाचा नवा प्रश्न: म्हाताऱ्या माणसांसाठी गोळ्यांचा डबा. निशी वही घेऊन माह्यापुढं बसली. "आजी, बीपीची गोळी घेताना तुले काय त्रास होते?" मी ताठ बसले. काहीच नाही म्हटलं. त्रास सिंधूसारखीले होते. माह्यी आठवण पक्की. तिनं काहीच लिहिलं नाही. काऊन वं? एवढं चांगलं उत्तर देलं!

जाता जाता: आज सकाळी गोळी घेतली का नाही, नक्की नव्हतं. म्हणून आणखी एक घेतली. जरा गरगरलं. ऊन फार आहे यंदा.

११ फेब्रुवारी.
दगा! निशी सिंधूकडे गेली. तासभर बसली, च्याबी पेली. मी इकडून कुंपणापाशी तुळशीले पाणी घालत होते. तीनदा घातलं. सिंधू गावभर ऐकू जाईल असं सांगून राह्यली. बोटं वाकडी झाली, गोळ्यांचं पाकीट फुटत नाही, कात्री लावली तर गोळी उडून बाजेखाली जाते, कोंबडी पळवते. घेतलेली ध्यानात राह्यत नाही, म्हणून गोळी गिळली की कॅलेंडरवर त्या तारखेले टिकली लावते. कॅलेंडर नवरीसारखं नटलं म्हणे! अशी लाज सोडून कोणी बोलते का? निशी हसून राह्यली आन् भराभर लिहून राह्यली.

घरी आल्यावर झाडलं तिले. दुश्मनाच्या घरी काऊन गेली? तर म्हणे, "आजी, जी अडचण सांगते तिलेच विचारावं लागते न." सांजेले मी अन्नत्याग केला. दोनच भाकरी खाल्ल्या.

१५ फेब्रुवारी.
सूड पक्का. नोकरी लागली की स्पीकर लावायचा, तोंड सिंधूच्या दाराकडं. कडूबा मंडपवाल्याले ईस तारीख सांगून आले. त्यानं विचारलं, बारसं कोणाचं? म्हटलं, सिंधूच्या तोऱ्याची तेरवी आहे.

डोळ्यात पाणीच आलं हसून.

२० फेब्रुवारी.
इंटरव्यू झाला. निशी खोलीत, मी दाराबाहेर पहाऱ्यावर. आतून साहेब लोक दोनदा मोठ्यानं हसले. मी शिकवलेलंच काही बोलली असंल.

निकाल आठ दिवसांनी म्हणे! हे आधी कोणी सांगत नाही. स्पीकर आला तसा गेला. सिंधू ओट्यावरून, "काय वं रुखमा, गाणं न म्हणताच गेला?" उत्तर सुचलं नाही. उद्या सुचंल.

२१ फेब्रुवारी.
नाही सुचलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
लागली! निशी लागली! मी लुगडं खोचून ओट्यावर निघाले, तर पोरगी सिंधूले हाताले धरून घरातच घेऊन आली. दोघींले बसवलं आन् इंटरव्यूत काय बोलली ते सांगितलं.

म्हणे, "मी सांगितलं, आमच्याकडं दोन आज्या आहेत. एकीले अडचण आहे, तिनं आपला उपाय आपणच शोधला. दुसरीले काहीच अडचण नाही. म्हणून ती कधी दोन गोळ्या घेते, कधी एकबी नाही. मी तिच्या पाकिटातल्या गोळ्या रोज मोजून राह्यले. मले डबा या दुसरीसाठी बनवायचा आहे, तिले कबूल न करता वापरता येईल असा." साहेब हसले ते इथं. मंग एक साहेब म्हणे, माह्यी मायबी अशीच आहे.

मी सिंधूच्या तोंडाकडं पाह्यलं. ती हसली असती तर तीन टोले तयार होते माह्यापाशी. हसली नाही. उठली, फळीवरून माह्यं गोळ्यांचं पाकीट काढलं, दातानं फोडलं आन् गोळी माह्या तळहातावर ठेवली. म्हणे, "माह्याच्यानंबी हातानं फुटत नाही वं. घे."

घेतली. निशीसमोर, सिंधूच्या हातून.

तिनं देलेलं पाणी कोमट होतं. सिंधूले पाणीबी धड देता येत नाही.