वर्षभर गॅरेजमध्ये कोण होतं

५ फेब्रु., चँडलर
सरकारी वकील बाईंचा फोन. ह्यांचं दहन केलं त्या फ्यूनरल होमच्या मालक नवरा-बायकोला अटक झाली. मेल्यांनी कुणाची राख कुणालाही दिली! गॅरेजमध्ये हुकाला टांगलेल्या डब्यातल्या अस्थी ह्यांच्या नाहीतच. घरात आणायच्या नाहीत म्हणून तिथे ठेवलेल्या. नाशिकला न्यायच्या तर तिकिटं दोनदा कॅन्सल. रोज गाडी काढताना ‘येते हो’ म्हणायचे ते कुणाला? आणि हे कुठे आहेत? फार रडले.

९ फेब्रु.
डब्यात राखेबरोबर नंबराचा बिल्ला असतो, त्यावरून छडा लागला. आमच्याकडे होता तो डेल, ट्रक चालवायचा. ह्यांना त्याची बायको कॅरल घेऊन गेलेली. तिने कुठे उधळून टाकलं असेल तर? मिहिर म्हणतो, “जस्ट कॉल हर, आई.” जस्ट म्हणे! धीर होत नाही.

१० फेब्रु.
केला फोन. आहेत! सगळेच्या सगळे आहेत! जीव भांड्यात पडला. गोडाचा शिरा केला, एकटीनेच खाल्ला.

१६ फेब्रु.
कॅरल आली. उंच, मोठ्याने बोलणारी. डेलचं ट्रक सोडून हौसेने फिरायचं राहून गेलं होतं, म्हणून डबा पिकअपमध्ये शेजारी ठेवून हिंडली. ग्रँड कॅन्यन, व्हेगास, पार समुद्रापर्यंत. म्हणजे हे हिंडले! जन्मभर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारा माणूस!
मग तिने विचारलं, डेल कुठे होता? शरमेने सांगितलं, गॅरेजमध्ये. शिवाय तिथला वॉटर हीटर बिघडला तेव्हा माझ्या शिव्याही खाल्ल्या त्याने. ती टेबलावर हात आपटून हसली. “ही लिव्ह्ड इन द गॅराज, हनी!” जिवंतपणीही त्याचा मुक्काम गॅरेजातच म्हणे. दोघी हसता हसता रडलो.
डबे मात्र पुरावा म्हणून कोर्टाकडे. निकालापर्यंत मिळणार नाहीत.

२४ सप्टें.
उद्या शिक्षा सुनावणार. गुन्हा दोघांनी कबूल केलाय. वकील बाईंनी बजावलं, कोर्टात तुम्ही दोघी एकमेकींकडे बघू नका, हसू फुटेल.

२५ सप्टें.
दोघांनाही तुरुंग. मी कोर्टासमोर उभी राहून बोलले. मागच्या बाकावर एक म्हातारा, त्याची बायको अजून सापडलेली नाही. त्याचा हात धरून बसले.
बाहेर ह्यांचा डबा हातात मिळाला. घट्ट धरला. कॅरल म्हणाली, येत्या जूनमध्ये ती डेलला घेऊन अलास्काला निघते. गाडीत जागा आहे, तुम्हा दोघांना.
घरी आल्यावर मिहिर लॅपटॉप उघडून बसला. “आई, नाशिकची तिकिटं काढू ना?”
म्हटलं, थांब जरा. ह्यांना विचारते.