आण्णांच्या कॅराव्हॅनमधला फ्रिज

सोम., १३ एप्रिल
चऱ्होलीच्या आण्णांच्या कॅराव्हॅनमधला फ्रिज काल रात्री बॅटरीवर बंद पडला. खबर पक्की, खुद्द आण्णांचाच सकाळी आमच्या सुजाताला फोन. ती चहा घेत होती, स्पीकर चालू. "आगं पोरी, फ्रिज दिलास का कपाट? दूध नासलं की! म्हातारीचं इन्सुलिन ह्यात ठिवायचं व्हय?"
शनिवारी आण्णा आणि काकी कोकणात निघणार. मुक्काम जिथे मिळेल तिथे, लाइट असो-नसो. बॅटरीवर रात्रभर चालेल, ही खात्री सुजाताने दिलेली. वायरिंगही तिचंच. डबा न घेताच चाकणला गेली, कॅराव्हॅन बांधतात त्या शेडवर.
संध्याकाळी – आण्णांनी गाडी शेडवर आणून सोडली. लाइटवर लावला की फ्रिज ठणठणीत. बॅटरीवर टाकला की कॉम्प्रेसर गुरगुरतो, गप्प होतो. शेडचे मालक जाधव म्हणे, "फ्रिजचा बोर्ड गेला. नवा मागवू." तो शनिवारच्या आत येत नाही. सुजाता: "बोर्ड गेला असता तर लाइटवर तरी चालला असता का, सर?" तर्क बरोबर. (मला कोणी विचारलेलं नाही.)

मंगळ., १४ एप्रिल
जयंती. सकाळी पांढरे कपडे, वंदना, पिंपरीत पुतळ्यापाशी ही गर्दी. ती तिथूनच परस्पर शेडवर. म्हटलं, आज तरी थांब. "बाबा, पेपरात असताना अंक सोडायच्या वेळी तुम्ही कधी घरी थांबलात?"


बुध., १५ एप्रिल
सापडलं.
फ्रिज बंद असताना त्याच्यापाशी व्होल्टेज पुरेपूर. कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की एकदम पडतं, मग बोर्ड स्वतःला वाचवायला सगळं बंद करतो. म्हणजे बोर्ड शहाणा. वाटेत खातंय कोण? बॅटरी चांगली, प्लसची वायर चांगली. राहिली मायनस. ती तिने जवळच्या फ्रेमला बोल्टने कसलेली. कार कंपनीत नऊ वर्षं वायरिंगच्या लाइनवर काढली, तिथे तसंच करतात, गाडीची बॉडी हीच परतीची वायर. इथे फ्रेमवर पावडर कोटिंग. बोल्ट घट्ट, पण रंगावर; रंगातून करंट नीट जात नाही.
म्हटलं, चाकणमध्ये कुणीही हेच केलं असतं.
"कुणीही नाही बाबा. मी केलंय."

गुरु., १६ एप्रिल
जाड तांब्याची मायनस वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात सुरू. जाधवांनी तिला बाजूला घेतलं, "बोर्ड खराब होता, बदलला, असं सांगून टाक. कोण बघतंय?"  आण्णा गाडी न्यायला आले तेव्हा हिने त्यांना खाली वाकायला लावून तो बोल्ट दाखवला. "चूक माझी, आण्णा. रंग न खरवडता इथं वायर कसली. अशा आणखी दोन गाड्या गेल्यात, त्याही बोलावतेय." जाधव छताकडे बघत.
आण्णा: "आता बरा हाय न्हवं?"
"आहे. पण आज रात्री दारात लावून तपासा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."
"इस्वास न्हाई, तर तुझ्याकडं काय चहा प्यायला आलो व्हय, राव?"
हे सगळं तिने जेवताना सांगितलं, मध्येच मीठ मागत. आमच्या धंद्यात दुरुस्ती आतल्या पानात, बारीक टायपात. हिने पहिल्या पानावर छापली.
तोंडावर बोललो नाही. इथे लिहितो. ऊर भरून आला.

शुक्र., १७ एप्रिल
फ्रिज रात्रभर चालला. आण्णांनी फोनवर सांगितलं, काकींनी मागून ओरडून दुजोरा दिला. उद्या पहाटे निघतायत, इन्सुलिन फ्रिजमध्येच.
दुसऱ्या दोन गाड्यांपैकी भोसरीची रविवारी येते. दुसरी गोव्याच्या वाटेवर कुठेतरी, गाडीमालक फोन उचलत नाही. तिने मेसेज टाकलाय – रात्री बॅटरीवर फ्रिजमध्ये औषध ठेवू नका, परत आलात की आधी शेडवर या. दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.
जाधव नाराज. "शेडचं नाव तूच घालवतेस" म्हणाले. सोमवारी सकाळी केबिनमध्ये बोलावलंय. नोकरीचं काय, विचारणार होतो.  ती दोन्ही गाड्यांसाठी वायर मापून कापून ठेवत होती.