पहारेकऱ्याच्या डोक्यातली फट

४ मार्च
कागदाच्या गिरणीत आज रुजू झाले. दादा इथे कापणीयंत्रावर आहे, त्यानेच माझ्यासाठी शब्द टाकला होता. राहायला त्याच्याकडेच. वहिनीने खिडकीची खोली दिली आणि बजावलं की लाडकी नणंद असलीस तरी भांडी वाटूनच घासायची. मी कबूल झाले.

काम गिरणीचं नेटवर्क सांभाळायचं. लगद्याची टाकी, कागद दाबणारे रूळ, कापणारी पाती, सगळी यंत्रं एकाच संगणकामार्फत बाहेरच्या जगाशी बोलतात. आतल्या यंत्राचा पत्ता पुसून तो स्वतःचा पत्ता लावतो, म्हणजे आत कोण आहे याचा बाहेरच्याला थांग लागत नाही. कामगार त्याला पहारेकरी म्हणतात. काचेच्या दाराच्या गार खोलीत बसलेला असतो. आमच्यापेक्षा त्याचीच बडदास्त जास्त.

९ मार्च
पहारेकऱ्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, फट आहे. पत्ते बदलताना एका विशिष्ट तऱ्हेने मोडलेला संदेश आला की तो त्याला घरचाच समजतो आणि थेट यंत्रापर्यंत सोडतो. दुरुस्ती आली आहे, पण ती बसवायला गिरणी अर्धा दिवस बंद ठेवावी लागेल. मॅनेजरसाहेब म्हणाले, आधी ऑर्डर निघू दे, घर काही पेटलेलं नाही. दादाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, चोर येऊन नेणार काय, लगदा?

११ मार्च
सकाळी फिटरकाका बंद रुळांतून अडकलेला कागद काढत होते. रूळ आपोआप फिरले. हात कोपरापर्यंत आत गेला. मुकादमाने लाल बटण दाबलं, रूळ थांबले, आम्ही धावलो. काकांना धरलं आणि रूळ पुन्हा सुरू झाले. या वेळी खांद्यापर्यंत. पलीकडून कागद येतच होता, पांढऱ्यावर लाल पट्टा.

काका दवाखान्यात पोचलेच नाहीत.

पहारेकऱ्याच्या नोंदी तपासल्या. दोन्ही आज्ञा बाहेरून, त्याच फटीतून आलेल्या. दुसरी आम्ही काकांना धरल्यावर. म्हणजे गिरणीतल्या कॅमेऱ्यातून कोणीतरी बघत होतं.

१२ मार्च, सकाळ
साहेबांना हात जोडून सांगितलं, बंद करा. ते म्हणाले, फिटरची चूक, विनाकारण घाबरवू नकोस. सगळं ठीक आहे हे दाखवायला स्वतःच लगद्याच्या टाकीवर चढले. पायाखालची झडप उघडली. आत पाती फिरत होती. ओरडणं फार वेळ टिकलं नाही. लगदा गुलाबी झाला — मग काळपट.

दुपार
फाटकं आपोआप मिटली. पोलीस बाहेर आहेत, लोखंड कापताहेत. दादा म्हणाला, पहारेकऱ्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी वायर कुठली ते तुलाच ठाऊक, उपटून टाकू, चल, मी आहे. मुकादमही आला. वाटेत कापणीयंत्राचं पातं सुटलं. मुकादम आमच्या मागेच होता. दादाने माझी मान धरून ठेवली, वळू दिलं नाही. पण माझ्या पाठीवर ओलं —

पहारेकऱ्याच्या खोलीत
आत शिरले आणि दार मिटलं. दादा बाहेर राहिला. वायर उपटली. पण आग विझवायचा वायू त्याआधीच सुटला होता, छतातून फुसफुसतोय. हवा कमी होतेय. दादा काचेवर हातोडा घालतोय. तडा गेलाय.

लिहितेय, कारण माझ्यानंतर जो येईल त्याने आधी गाभ्यातली फट — बाकी काही नाही, आधी ती —

डोकं जड.

तडा वाढला. दादा हसला. जवळजवळ झालंच, असं त्याने खुणेने सांगितलं.

त्याच्या मागून कागदाची रिळं वाहणारी बिनचालकाची गाडी येतेय. मी काच बडवली. त्याला वाटतंय मी घाई कर म्हणतेय. मान हलवून त्याने हातोडा पुन्हा उचलला —

वायर माझ्या हातात आहे. बाहेरून आता कोणीच येऊ शकत —

मग गाडी कोण

दादा मागे ब