गोड पोंगलातलं औषध

१० जानेवारी, शनिवार

आधी माझी मैत्रीण शिवकामीच आली, ह्या वयात पायांत नवी पैंजणं घालून. तिरुनागेश्वरमात तिच्या लेकाचं घर बांधून झालं. अठ्ठावीस तारखेस गृहप्रवेश. उंबऱ्यातून पहिली आत जाणार आमची गाय, अलमेलू. कुंभकोणमात गायी काय कमी? पण परक्या घरात मानानं शिरावं तर आमच्या अलमेलूनंच. मी हो म्हणून टाकलं.

मागून गुरांची डॉक्टर आली, मधुमिता. तिला सुनेनं, नंदितानं, फोन करून बोलावलेलं. गाय पाय टेकताना कचरते म्हणे. कचरते काय? इतके गृहप्रवेश केलेली गाय, ती का धावत सुटेल? हळू चालते, मोठेपणानं चालते.

डॉक्टरनं पाय उचलवला, दाबून पाहिला. खुरं वाढलीत, तळवा मऊ पडलाय, आत लाल दिसतंय. काय खाते विचारलं. नंदिता तोंड उघडणार तोच मी म्हटलं, गवत आणि पेंढा. खातेच की. नंतर.

मग मोठं लेक्चर. शिजवलेला भात, इडलीचं पीठ, गूळ, काही नको. पोटात आंबतं आणि त्याचा ताप खुरांत उतरतो. गोठा कोरडा ठेवा. खुरांसाठी ही मिनरलची पूड रोज द्या. वयानं माझ्या नातीएवढी, पण बोलते ठसक्यात. शिवकामी ऐकत होती म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, सगळं होईल. अठ्ठाविसाला चालेल ना, शिवकामीनं विचारलं. पळेल, म्हटलं.

उद्यापासून अलमेलूस भाताचं शीत नाही. ठरलं.

११ जानेवारी, सकाळी

पूड गवतावर भुरभुरली. अलमेलूनं हुंगलं आणि मजकडे पाहिलं, जशी मी कोणी परकी बाई. कोंड्यात घातली, तिथंही तेच. नाकानं फुर्र केलं, अर्धी पूड माझ्या लुगड्यावर.

दुपारी

डॉक्टरचं औषध वाया घालवणं बरं नव्हे. थोडं गोड पोंगल होतं, गुळातुपाचं. त्यात पूड कालवून गोळा केला. गप्पकन गेला! मग आणखी एक, मागं राहिलेली पूड जावी म्हणून. हा काही भात घालणं नव्हे. भात नुसती गाडी, आत बसून औषध जातं.

१३ जानेवारी

औषध नियमानं चालू. नंदितानं विचारलं, गोठ्यात तुपाचा वास कसला? म्हटलं, माझ्या हातांचा, सांधे चोळले. नंतर खरंच चोळावे लागले, ती बघत होती म्हणून. थोडी लाज वाटली. चांगलं तूप होतं.

इडली मोडते का डॉक्टरच्या नियमात? पीठ म्हणाली होती. वाफवल्यावर ते पीठ कुठं राहिलं?

१६ जानेवारी, शुक्रवार. माट्टु पोंगल

आज गुरांचा सण. शिंगं रंगवली, गळ्यात झेंडूची माळ. आज सुद्धा गवत घालायचं? सणाच्या दिवशी पाहुण्यास पाणी देऊन वाटेस लावण्यासारखं. पितळी भांडं भरून पोंगल दिलं. गल्लीतल्या बायकांनी आपापलं आणलं, त्यांना मी अडवलं नाही. सणाला कोणाचा हात धरायचा?

नंदिता दारात उभी होती. बोलली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

उद्यापासून कडक.

१९ जानेवारी

अलमेलू पुढचे पाय आलटून पालटून उचलते. मी म्हटलं, ताल धरते. आम्ही भजन ऐकणारी माणसं, गायीस संगत लागायचीच. नंदिता म्हणाली, दुखतंय तिला. आणि नळीनं तिच्या खुरांवर गार पाणी सोडत बसली, स्वतःचं जेवण टाकून.

संध्याकाळी डॉक्टरचा फोन. पूड जाते का? म्हटलं, एक दिवस खाडा नाही. फार खूश झाली. म्हणाली, पाट्टी, आजीच म्हणते मला, तुमच्यासारखं सगळ्यांनी मनावर घेतलं तर किती बरं. पुष्कळ बरं वाटलं. रात्रीचं जेवण मात्र गेलं नाही.

२४ जानेवारी

नंदिता म्हणते, गाय येत नाही असं शिवकामीस सांगून या. गेले की. सांगायचं म्हणूनच गेले. तिनं पितळी डवऱ्यात कॉफी दिली, मग फोनवर आमंत्रण दाखवलं. त्यात अलमेलूचा फोटो! देवाच्या वर! अलमेलूस लाल झूल शोभेल, एवढं बोलून आले.

चार दिवसांत दुखणं उतरेल. औषधाचा गोळा मोठा केला आहे.

२८ जानेवारी, बुधवार

लिहू नये वाटतं.

टेम्पोतून उतरतानाच ती थरथरली. दारापर्यंत आली, एक एक पाय निखाऱ्यावर ठेवावा तशी. पायरीशी थांबली. आत होम, बाहेर नादस्वरम वाजतंय, भटजी घड्याळाकडे बघतात. मी शेपूट कुरवाळली, लाडानं बोलले. ती दारातल्या कोलमावर, रांगोळीवर, बसली ती बसलीच.

मुहूर्त टळत होता. मी कमरेचा डबा काढला आणि गोळा तिच्यापुढं धरला. इतकं मला सुचलं, दुसरं काही सुचलं नाही.

डॉक्टरही जेवणास बोलावलेली. ती रेशमी साडीत तशीच खाली बसली, खुरावर हात ठेवला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. गोळा मोडून बघितला. आत पूड.

"पाट्टी, औषध रोज ह्यातूनच?"

"ती तसं खात नाही हो," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं.

शेजारच्या गल्लीतून कोणाचं तरी वासरू आणलं. ते धावत आत गेलं, हॉलमध्ये शेण टाकलं, सगळ्यांनी हात जोडले. शिवकामी मजला म्हणाली, जेवून जा. मी अलमेलूजवळ बाहेरच बसले. नंदितानं पान बाहेर आणून दिलं.

३० जानेवारी

नंदितानं आणि व्यंकोजीनं, माझ्या लेकानं, गोठ्यात वाळू घातली. दुखण्याचं इंजेक्शन झालं. पेंढा, गवत, बस्स. पूड नंदिता पाण्यात कालवून नळीनं घशात घालते. तिच्या हातून जाते.

सकाळी मी रिकाम्या हातांनी नुसतं बघायला गेले. माझी चाहूल लागली आणि अलमेलू उठू लागली. पुढचे गुडघे टेकून, कण्हत, मजकडे मान लांब करून. मी काही आणलंय असं तिला वाटलं. नंदिता आतून धावत आली. म्हणाली, तुम्ही दिसलात की ती उठते हो, नका येऊ थोडे दिवस.

बरोबर आहे तिचं. गोठ्याकडच्या मागच्या दारानं जाणं मी सोडलं आहे. खिडकी लावून घेतली.

डॉक्टर मंगळवारी येते म्हणाली, तीन तारखेस, खुरं कापणाऱ्यास घेऊन.