घाटातल्या मायचा रुपया

बाबूजी, तुमच्या नातीने मला पाच दिवसांच्या एका प्रवासाची आखणी करायला सांगितली आहे, आणि मी एका घाटापाशी येऊन अडकले आहे. तुम्ही असता तर चहा संपायच्या आत आखून मोकळे झाले असता.

नातीला तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून तिचं आधी सांगते. नागपुरात एका हापिसात कामाला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी एक खेळ खेळते. डिस्क गोल्फ म्हणतात त्याला. जेवणाच्या ताटलीएवढी प्लास्टिकची चकती असते. ती लांबून फेकायची, आणि दूर एका खांबावर साखळ्या लावलेली टोपली असते, तिच्यात पाडायची. एका फेकीत काही ती पडत नाही. जिथे पडली तिथून पुन्हा उचलून फेकायची. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. तिने तुमसरच्या वेल्डिंगवाल्याकडून तशी टोपली करून आणली आणि आमच्या आंधळगावच्या घरामागे, खळ्यावर उभी केली, तेव्हा तुमचे जावई कमरेवर हात ठेवून बघत राहिले. म्हणाले, "एवढी शिकवली, नोकरीले लावली, अन् पोरगी ताटल्या फेकून राहिली!" ही म्हणते, "बाबा, तुम्ही भाजीत मीठ कमी असलं का ताटली फेकता. मी नेम धरून फेकते." सगळ्यांत जास्त तेच हसले.

आता धान कापून झाल्यावर ती आणि तिच्या दोन मैत्रिणी गाडी घेऊन निघणार आहेत. जबलपूरच्या पुढे कोणी आपल्या शेतावर या खेळाचं पुरतं मैदान केलं आहे, अठरा टोपल्यांचं. तिथे दोन दिवस खेळायचं, आणि जाता-येता जिथे मोकळी जागा दिसेल तिथे खळ्यावरची ही टोपली गाडीतून उतरवून खेळायचं, असा त्यांचा बेत. जावयांनी एकच अट घातली. "तीन पोरी एकट्या कायले? तुझी माय संग गेली त जा, नाही त राहू दे." म्हणजे मी गेले तरच पोरीचं जाणं होणार. तिने वर्षभराची सुट्टी यासाठी राखून ठेवली आहे. मला काही म्हणाली नाही, फक्त दर फोनला विचारते, "झाली का तयारी?"

तयारी मी मनापासून केली. राहायला नर्मदेच्या काठी धर्मशाळा धरली, म्हणजे पहाटे स्नान होईल आणि भाडंही वाचेल. वाटेत खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा आणि लिंबाचं लोणचं. एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "काकू, हॉटेल पाहू ना. धर्मशाळेत मोबाईल चार्ज होईल का?" मी म्हटलं, "होईल वो बाई, देवाच्या दारी लाईट असते. अन् झोपायचंच हाय त झोप दोन्हीकडे सारखीच येते." सगळं जमलं. फक्त रस्ता मी बालाघाट-मंडल्यावरून लिहिला.

पोरगी शनिवारी घरी आली, मोबाईलात नकाशा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "आई, हे काय वं? सरळ रस्ता सोडून एवढा फेरा? तू काडीपेटीतली काडी जपून ओढतेस, अन् इथे पेट्रोल काहून जाळून राहिली?" मी म्हटलं, तिकडून मंदिरं लागतात. "मंदिरं इकडूनही लागतात." मी दूध उतू जातं आहे असं म्हणून आत गेले. दूध अजून शेगडीवर चढवलंसुद्धा नव्हतं.

तुम्हाला चिखला खाणीजवळच्या आपल्या घराचं स्वयंपाकघर आठवतं का? खाणीचा माल नसला की शेठ तुमच्या ट्रकमध्ये तांदळाची पोती भरून तुम्हाला जबलपूरला धाडायचा. निघायच्या आदल्या सांजेला तुम्ही चुलीपुढे पाट घेऊन बसायचे आणि वाट म्हणायचे. नाकाडोंगरी, कटंगी, मग घाट, मग सिवनी, अशी एकेक जागा, कुठे पाणी घ्यायचं, कुठल्या टपरीवर चहा बरा, कुठे ढोरं आडवी येतात. आई भात ओतता ओतता म्हणायची, "देवाचं नाव घ्या जी, गावांचं काय घेता?" आणि तुम्ही म्हणायचे, "अवं, गावंच माहे देव. एक चुकला त दुसरा भेटत नाही." मी तुमच्या मागून म्हणत राहायची. शाळेतल्या कविता विसरले, ती वाट विसरले नाही.

एकदाच तुम्ही मला सोबत नेलं, सातवीच्या उन्हाळ्यात. मी केबिनमध्ये बसले आहे, खाली पोत्याची घडी, आणि इंजिनाची धग पायाला लागते आहे. घाट सुरू होतो. गाडी कण्हत चढते. वळणावर खडकाच्या कपारीत शेंदूर लावलेला दगड, ती घाटातली माय, वर लाल झेंड्या आणि पुढे लोखंडाची एक थाळी. सगळे डायवर तिथे नाणं फेकून जातात. तुम्ही माझ्या हातात चार आणे देता. "खांदा नको हालवू. मनगट सोड." मी फेकते आणि चार आणे अलीकडेच गवतात पडतात. मी रडकुंडीला येते, "थांबा ना बाबूजी, मी उचलून टाकते." तुमची नजर रस्त्यावरून हलत नाही. "चढावर थांबायचं नाही पोरी. भरलेली गाडी थांबली का मागं जाते. मायले समजते, आपण काहून नाही थांबलो." मग तुम्ही खिडकीतून हात काढता आणि फक्त मनगट हलतं. टण्. थाळीचा आवाज इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येतो.

परत येताना गाडी रिकामी होती. त्या वळणावर तुम्ही गाडी बाजूला लावली, मागच्या चाकाला दगड दिला आणि मला खाली उतरवलं. आपण दोघांनी गवत चाळलं, पण माझे चार आणे सापडले नाहीत. "घेतले तिनं," तुम्ही म्हणाले. "तुझा नेम नाही, पण मन पोचलं." मी दिवसभर त्यावर खुश होते.

मी दहावीत असताना त्याच घाटाच्या पलीकडच्या उतारावर तुमची गाडी दरीत गेली. पुरुषमाणसं जाऊन तुम्हाला घेऊन आली. आईला आणि मला ती जागा कोणी दाखवली नाही, आम्हीही विचारली नाही. मॅट्रिकची परीक्षा मी दिली, पास झाले, लग्न होऊन आंधळगावला आले. नणंद घाटापलीकडे सिवनीला दिलेली. तिच्या घरी किती कार्यं झाली. मी कधी उपवास सांगितला, कधी गुडघा, कधी घरी पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. तिने एकदा तोंडावर विचारलं, "वहिनी, आमच्या घरचं पाणी गोड नाही लागत का तुमाले?" देवाजवळ रोज बसते, सगळ्यांसाठी मागते, पण त्या वळणावरच्या मायचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. रुसवा म्हणा.

तर मी शेगडीजवळ उभी होते. पोरगी मागून आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आई, वाट म्हण ना." लहानपणी तिला झोपवताना मी तुमची वाटच म्हणत असे, अंगाईगीतं मला येत नव्हती. मी म्हटली. नाकाडोंगरी, कटंगी, सिवनी. तिने मला तिथेच धरलं. "मी पाळण्यात होती तवापासून तू कटंगीवरून एकदम सिवनीले उडी मारतेस. मधात काय हाय?"

मी सांगितलं. आजोबा गाडीच्या अपघातात गेले, एवढंच तिला माहीत होतं. कुठे, ते कधी बोलले नव्हते. तिने ओट्यावरची ओल बोटाने पुसली आणि म्हणाली, "मंग बालाघाटवरूनच जाऊ. पेट्रोल मी टाकते." तिने हट्ट केला असता तर मीही केला असता. तिने माझं ऐकलं, तिथेच मी हरले. मला एकदम वाटलं, आता ही तिच्या पोरांना वाट सांगेल तेव्हा तीही उडी मारेल, आणि का मारते ते तिलाही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "पेट्रोल कोनाचंही असो, जळते त सारखंच. घाटानंच जाऊ." ती म्हणाली, "थांबू आपण तिथे. आपली गाडी काही भरलेली नाही." मी हो म्हटलं. नारळ, उदबत्ती आणि खण सामानात धरला.

हे पत्र तिथे ठेवून यावं असं एकदा मनात आलं. पण वाऱ्याने उडेल आणि कागद वाया जाईल. पानं एका बाजूने कोरी आहेत, त्यावर शिध्याची यादी होईल.

पोरीला न सांगितलेलं एक तुम्हाला सांगते. सकाळी पूजा झाली, घर रिकामं झालं की मी खळ्यावर जाते, तिच्या टोपलीपासून रस्त्याच्या रुंदीएवढी दूर उभी राहते आणि रुपया फेकते. खांदा न हलवता. बहुतेक वेळा तो गवतात जातो, मग पदर खोचून शोधते. रुपया काय टाकून देणार? कधी कधी साखळीला लागतो आणि टण् वाजतो. घाटात पोचू त्या दिवशी उतरायचं बळ आलं तर मी उतरेन, बाबूजी. नाही आलं तर पोरीला म्हणेन, काच खाली कर, गाडी चालू राहू दे. मायला समजेल ना, आपण काहून नाही थांबलो?