‘पोचलो’चा फोन

मंगळवार, संध्याकाळ

मेहकरहून बुलढाण्याच्या ऑफिसात पोचलो की बायकोचा फोन येतोच, "पोचले काय?" काल वैतागून तिला ऐकवलं, "ऑफिसात समुपदेशक मॅडम सांगून गेल्या. काही माणसं जोडीदाराले चिकटून राहतात, जीव टांगणीले लावून घेतात. काही मोकळी असतात. तू चिकटणारी, मी मोकळा."

आज फोन आलाच नाही. रेंज तर होती. राग आला असेल? अकरा वाजता मीच लावला. "पोचलो."

"बरं," म्हणाली, "मी भाजी फोडणीले टाकून राह्यली."

एवढंच? दुपारी पुन्हा लावला. "जेवलो."

"अहो, त्या मॅडमले एकदा दाखवून या."

परतीच्या बसमधून फोन मुळीच केला नाही. नुसते तीन मेसेज टाकले.