बटणांतल्या अक्षता

गुडगाव, १२ सप्टेंबर २०००

चि. हणमंतास,
आक्काचा आशीर्वाद, रागासकट.

तुझी प्रज्ञा खुशाल आहे. पोळ्या माझ्याहून गोल करते. सरकार शाळाशाळांतून काँप्युटर देणार, म्हणून तू पोरगी माझ्याकडे धाडलीस. ते आले. पडदे लागले, रिबीन कापली आणि हेडमास्तरांनी खोलीला कुलूप ठोकलं. बिघडलं तर वर जबाब कोण देणार, म्हणतात. दर शनिवारी मुलींकडून कव्हरं पुसून घेतात, कव्हर उचलायचं मात्र नाही. शिकवायला नेमलेला मास्तर बिचारा फळ्यावर खडूने काँप्युटर काढतो आणि मुली त्या चित्रावर बोट ठेवतात! मी विचारायला गेले तर हेडमास्तर म्हणाले, माताजी, आप नहीं समझेंगी. मी चौथी शिकले रे, पण कुलूप मला समजतं.

तुझे दाजी मानेसरला कारखान्याच्या फाटकावर असतात. फौज सुटली, पण साहेब दिसला की सलाम सुटत नाही. मला म्हणतात, गप्प बस. तू तरी म्हणू नकोस. लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.

तुझी,
शेवंताआक्का

वाठार, २४ सप्टेंबर २०००

ती. आक्कास,
धाकट्याचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, वाईटही वाटलं. फळा आणि खडू इथेही आहेत, त्यासाठी पोरगी दिल्लीकडे कशाला? तिची आई एकटी पडलीय. दिवाळीला तिला घेऊन ये, दहावी इथेच करील. नाहीतर तिने स्वतः काँप्युटरवर छापलेली एक ओळ त्याआधी पाठव, मग मी शब्द काढणार नाही. पण भांडू नकोस. तू लहानपणी पिळलेला माझा कान अजून लांब आहे. दाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुझा,
हणमंत

गुडगाव, १० ऑक्टोबर २०००

चि. हणमंतास आशीर्वाद.

भांडले नाही. पूजा केली.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, तर म्हटलं शाळेचंही पुजू. गल्लीतल्या बायका घेतल्या, ताट घेतलं. पूजा म्हटल्यावर हेडमास्तर खूश, फोटोला उभे. कुलूप उघडलं. मी हळदकुंकू वाहिलं आणि सवयीने मूठभर अक्षता टाकल्या, त्या सगळ्या बटणांच्या फटीत! सत्यानाश, म्हणून हेडमास्तर ओरडले. पण त्या खडूवाल्या मास्तराने बटणांची पाटी उचलली, उलटी केली, दोन चापट्या मारल्या. तांदूळ खाली. वायर लावली, पडदा उजळला.

मग मी उंबऱ्यातच बसले. म्हटलं, माझ्या तांदळाने जे बिघडलं नाही ते पोरींच्या बोटांनी बिघडतं होय? आमच्यात पुजलेलं हत्यार दसऱ्यानंतर हातात घ्यावंच लागतं. सोमवारी मुली बसवा, नाहीतर रोज ताट घेऊन येते. पोलीस बोलावतो म्हणाले. बुलाओ म्हटलं, उनको भी प्रसाद दूँगी. तेवढ्यात तुझे दाजी ड्यूटीवरून थेट तिथे. वाटलं, आता ओढून नेतात. तर वर्दीतच माझ्याशेजारी बसले. सलाम नाही की काही नाही.

सोमवारी मुली बसल्या. बटणांवर कुंकू अजून आहे, मी कुणाला पुसू देत नाही.

तू मागितलेली ओळ खाली चिकटवलीय. काँप्युटरात मराठी अक्षरं नाहीत म्हणून इंग्रजी अक्षरांत आहे, तिथल्या गुरुजींकडून वाचून घे. मी सांगितलेली नाही, पोरीने मनानेच लिहिलीय. रागव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
शेवंताआक्का

(चिकटवलेली ओळ, गुरुजींनी वाचून दाखवली तशी)
आबा, मी दिवाळीला येणार नाही.